सिंगल बेल

एकतीस वर्षं मी उभ्यानं पोट भरलं.
गंगावेश ते कसबा बावडा, बावडा ते गंगावेश.
काखेत चामड्याची पिशवी, बोटांत सुट्टे.
ब्रेक लागला की अख्खी गाडी पुढं कलंडायची,
मी नाही.
दांडीला हात लावणं कमीपणाचं वाटायचं.

आणि पडलो कुठं, तर घरात.
कोरड्या फरशीवर, सकाळी साडेसहाला,
पायजम्यात उजवा पाय घालता घालता.
मंदाकिनी आधी हसली.
मी उठेना, तसा तिचा आवाज बदलला.
मनगट सहा आठवडे प्लॅस्टरात.
डॉक्टर म्हणाले, हाड जुळंल हो चौगुले,
तोल तुमचा तुम्हीच हुडकायचा.

मंगळवार पेठेत, शाळा भरायच्या आधी
दुसरीच्या वर्गात मगदूम बाई शिकवतात.
म्हणाल्या, आज वृक्षासन.
म्हटलं, बाई, उभं राहायचं मला काय शिकवताय?
"चालत्या गाडीत राहिलासा,
आता थांबलेल्या जमिनीवर राहून दावा की."

चटई नको, ती सरकते. अनवाणी, फरशीवर.
पोट रिकामं.
भिंत हाताच्या अंतरावर.
तिला टेकायचं नाही, नुसती असू द्यायची,
शेजारच्या सीटवरच्या ओळखीच्या माणसासारखी.

वजन डाव्या पायावर:
अंगठ्याखाली, करंगळीखाली, टाचेत,
सुट्टे मोजून द्यावेत तसं वाटून.
उजवा तळवा घोट्याला लावायचा,
बोटं जमिनीवरच.
पहिला महिना तेवढंच.
मग पोटरी. जमलंच तर मांडी.
गुडघ्यावर पाय कधीच नाही;
ती बिजागरी पुढं-मागं हलायला केलीय,
बाजूनं रेटायला नाही.

आणि नजर एका जागी.
हे अवघड.
माझे डोळे पुढचं दार, मागचं दार,
फुटबोर्डवर लोंबणारं पोरगं, असे फिरायला शिकलेले.
बाईंनी पाढ्यांच्या तक्त्यावरचा एक आकडा नेमून दिला.
एकोणतीस.
एकोणतिसावर डोळे टेकले की घोटा जरा कमी थरथरतो.
थरथरू दे, म्हणतात त्या, तो शिकतोय.

श्वास मी कोंडायचो,
तपासनीस गाडीत चढल्यावर कोंडायचो तसा.
"सोडा चौगुले. तिकिटं बरोबर हैत."

प्रेशरची गोळी चालू आहे,
म्हणून हात वर नेत नाही, छातीशी जोडतो.
गरगरलं, कुठं कळ आली,
की पाय खाली.
सिंगल बेल. त्यात अपमान कसला?
स्टॉप आला, उतरलो.
जरा थांबून डबल.

मग बाजू बदलली, आणि बिंग फुटलं.
उजव्या पायावर अकरा श्वास.
डाव्यावर चार.
दोन दिवस विचार केला तेव्हा कळलं:
एकतीस वर्षं माझं उजवं कूल्हं
तिसऱ्या सीटच्या कडेला टेकलेलं होतं.
सगळा भार उजव्या अंगानं,
डावा पाय नुसता सोबतीला.
मोकळा उभा मी कधी नव्हतोच.
कुणाला सांगू हे, डेपोत?

चार महिने झाले.
साखर होती तेवढीच आहे, गोळ्या त्याच.
बाईंनी आधीच सांगितलेलं, झाड काय औषधाचं दुकान नव्हे.
पण घोटे शहाणे झालेत.
पंचगंगेच्या घाटावर ओल्या पायरीला
पाय आपणच जागा चाचपतो.
रात्री मोरीत जाताना
भिंतीवरून हात फिरवत जायचो,
ते कधी बंद झालं, कळलं नाही.
डावीकडं आता नऊ.

परवा बावड्याच्या गाडीत बसलो.
बसलो म्हणजे उभा राहिलो, गर्दी होती.
नवी कंडक्टर, पोरगीच, ओरडली,
"आजोबा, दांडी धरा!"
आणि मी धरली.
थंड होती. हाताला बरी वाटली.
इतकी वर्षं ती तिथंच होती.

पायजमा मात्र खाटेवर बसूनच घालतो.
मंदाकिनीची अट आहे.